आफ्रिका संपायला अठ्ठावीस दिवस

३० जानेवारी, मिरज

रिपोर्ट मिळाले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. डॉक्टरांनी मला आणि दत्ताला आत बोलावलं, मामा बाहेर बाकावर. दत्ता त्यांचा पोटचा मुलगा, विचारायला त्याने हवं होतं. तो टेबलावरच्या काचेकडे बघत बसला. शेवटी मी, जावयाने, तोंड उघडलं.

"महिना," डॉक्टर म्हणाले. "थोडं पुढे-मागे. मध्ये इन्फेक्शन झालं तर तेवढाही धरू नका."

पित्ताच्या वाटेत नळी बसवतील. कावीळ जरा उतरेल, खाज कमी होईल. बाकी काही नाही.

बाहेर आलो. मामांनी पटका काढून मांडीवर ठेवलेला. डोळे पिवळेजर्द.

"किती म्हनला?"

मी रिपोर्टची पिशवी दुमडली.

"पावणं, साठ वर्सं मेंढरं राखलीत. कंचं जगतंय आन् कंचं न्हाई, मला बगितल्याव कळतं. आकडा तेवडा सांगा."

सांगितला. मान हलवली. मग, "आन् सुवर्णीला किती राह्यलं?"

संध्याकाळी इजिप्तमधून सु.चा, मामांच्या लेकीचा मेसेज: "लक्सर मागे टाकलं. आज २९. पाय ठीक. आण्णांचं पोट दुखत होतं, कसं आहे?" सुएझ कालव्यापर्यंत पायी उरले ७९० कि.मी. रोजचे २८ धरून भागलं. अठ्ठावीस दिवस आणि थोडं.

"ॲसिडिटी होती, आता बरे आहेत," असं लिहून पाठवलं. सोळा महिन्यांत तिला पहिलं खोटं.

३१ जानेवारी, कोरेगाव

मामांना आमच्याकडे आणलं. त्यांची वाडी म्हसवडच्याही पलीकडे, तिथून कुठलाच दवाखाना जवळ नाही. इथून सातारा अर्धा-पाऊण तास. लेकीच्या घरी राहायचं म्हणून अवघडलेत, त्यात लेक घरात नाही. चहा झाला की कप विसळायला स्वतः उठतात.

दुपारी मला समोर बसवून वचन घेतलं. तिला कळवायचं नाही.

"माजा बा वारला तवा मी चिपळूणच्या खाली हुतो, दीडशे मेंढरं घिऊन. सांगावा आला. मेंढरं चुलतभावाव टाकली आन् एकटा घाट चढलो. घरी पोचलो तर तिसरा दिस. राख बी भरून झालेली. मागारी गेलो तर निम्मी मेंढरं रोगानं मेलेली. आयुष्यभर वाटत राह्यलं, थांबलो आसतो तर काय बिगडलं आसतं? आन् लवकर निगालो आसतो तर? दोनी वाटत राह्यलं."

"मामा, पण तिला विचारायला नको?"

"इचारलं तर ती येनार. म्हनून तर इचारायचं न्हाई."

हो म्हणालो. आजारी माणसाला दुसरं काय म्हणायचं.

दत्ता निघाला. गाडीला किक मारता मारता: "दाजी, हो तुमी म्हनलाय. मी न्हाई म्हनलो."

उरले ७६२.

२ फेब्रुवारी

दिवसभर मोजणी. दोन भावांच्या बांधाचा तंटा, दीड हात जमिनीसाठी दोघंही घसा फाटेस्तोवर ओरडत होते. मी यंत्राच्या मागे उभा आणि डोक्यात आपलं ७०६.

या सगळ्याची सुरुवात मामांनीच केली हे आज सारखं आठवतंय. सु.च्या शाळेत गॅदरिंग होतं, मामा आलेले. तिच्या स्टाफरूममध्ये पृथ्वीचा गोल. बोटाने आफ्रिकेच्या खालच्या टोकापासून वर वर येत आशियाला लागले आणि विचारलं, "हितनं हितं चालत किती दिस?" एका सरांनी विमानाचे तास सांगितले. "इमानाचं कोन इचारतंय? पायानं." कुणालाच सांगता येईना. मला मोजणीवाला म्हणून विचारलं. मी रात्रीच्या जेवणाआधी नकाशा काढून हिशेब केला. अकरा हजार कि.मी.च्या वर. रोज पंचवीस म्हणजे चारशे चाळीस दिवस. आजारपण, पाऊस, व्हिसा धरून दीड वर्ष.

सु. भाकरी थापत होती. म्हणाली, "दीड वर्ष म्हणजे काही फार नाही."

मला चेष्टा वाटली. पण ती नववीपर्यंत दर दिवाळीनंतर कळपामागे कोकणात चालत गेलेली आणि चालत आलेली. शाळेतून बिनपगारी रजा घेतली. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला समुद्रात पाय बुडवून निघाली. सुएझ कालव्याच्या पलीकडे आशिया. तिथे पाऊल टाकलं की संपलं.

४ फेब्रुवारी

तिकडून व्हिडिओ कॉल सहसा लागत नाही. आज नेमका लागला. मामा अंगणात उन्हाला बसलेले, आणि डोळ्यांचा रंग तो तसा. मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात पळालो, तिला म्हटलं थांब, आण्णांना बोलावतो. टेबलावर माझा मोटरसायकलचा काळा गॉगल होता. मामांच्या डोळ्यांवर चढवला. पटका कपाळावर खाली ओढला.

"ह्ये काय आण्णा, हिरो झालाय व्हय!"

"मोतीबिंदू काढला," मामा म्हणाले. एका क्षणात. मी सांगितलं नव्हतं.

"मला कुणी सांगितलं नाही!"

"त्यात काय सांगायचं. मोतीबिंदू हाय, बैल न्हाई."

हसली. तिचा चेहरा काळा पडलाय, ओठ फुटलेत, दात तेवढे पांढरे. बाराव्या मिनिटाला कॉल तुटला. मामांनी गॉगल काढला, घडी करून माझ्या हातात दिला. "ठिवा जपून. लागंल परत."

उ. ६५०.

५ फेब्रुवारी

मामा रोज विचारतात, मी रोज नकाशा दाखवतो. नकाशात त्यांचं लक्ष नसतं. पाणी कुठे, सावली कुठे, मुक्काम कुणाच्या दारात, एवढंच. नाईल सगळा वेळ तिच्या शेजारून वाहते म्हटल्यावर हायसं वाटलं त्यांना.

"कालव्याला पूल हाय का?"

"आहे. पण पायी सोडत नाहीत. माणसं बोटीने पलीकडे जातात."

"मंग चाल मोडली म्हनायची का?"

"तुम्ही सांगा."

बराच विचार केला. "न्हाई. पानी आडवं आल्यालं. त्याला माणूस काय करनार."

आज अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. काल एक खाल्ली होती. मी आता हेही मोजायला लागलोय.

७ फेब्रुवारी

सु.ला अडवलं. सोहागच्या अलीकडे रस्त्यावरच्या चौकीत. एकटी परदेशी बाई, पुढच्या पट्ट्यात पायी सोडता येणार नाही, आमच्या गाडीत बसा, पुढच्या शहरात सोडतो. ती गाडीत बसायला तयार नाही. चौकीशेजारच्या एका घरात राहिली आहे. घरातल्या बाईने तिला स्वतःची खाट दिली.

"तू काळजी करू नकोस. परवानगीचं बघतायत. उद्या सुटेन."

उ. ५९४. आज शून्य.

८ फेब्रुवारी

शून्य.

९ फेब्रुवारी

शून्य. मामांना खोटंच अठ्ठावीस सांगितलं. म्हणजे आता मी दोघांशीही खोटं बोलतोय.

खरं लिहायचं तर दुपारी वाटलं, बरंच झालं, अडली. आता पोलिसांच्या नियमाने चाल मोडतेय तर मोडू दे. मग सांगून टाकू, येईल विमानाने, कुणाच्याच माथी काही नाही. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तिला फोन लावला. तिने उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मला आण्णांचं तोंड दिसतंय रे. अकरा हजार चालून शेवटी पोलिसाच्या गाडीत बसले म्हणून सांगू त्यांना? नाही बसणार."

मग मी म्हणालो, धीर धर.

"तुझा आवाज असा का येतोय?"

"सर्दी झाली आहे."

१० फेब्रुवारी

सुटली! तिच्या मागून हळूहळू एक पोलिसगाडी चालणार, पट्टा संपेपर्यंत. आतले दोन शिपाई पाळीपाळीने उतरून तिच्याबरोबर चालतात म्हणे, एकाला वजन कमी करायचंय. आज २८. उ. ५६६. तीन दिवस गेले. आता दोन-तीन मार्च.

११ फेब्रुवारी, सातारा

सकाळी साडेआठला मामांना हुडहुडी. घोंगडं आणि वर दोन रजया घातल्या तरी दात वाजत होते. शेजारच्यांच्या गाडीने साताऱ्याला. नळीत इन्फेक्शन, रक्तात उतरलंय. आयसीयूत घेतलं. दत्ता वाडीहून दीड तासात आला, कसा चालवत आला कुणास ठाऊक.

व्हरांड्यात सगळ्यांसमोर: "दाजी, तुमी फोन करताय का मी करू?"

"उद्या सकाळपर्यंत थांब."

"उद्या सकाळी काय हाय? ती त्यांची लेक हाय. यायचं का न्हाई, ती ठरवंल. तुमी कोन ठरवनार? आन् आण्णा तरी कोन?"

तो बरोबर आहे हे मला तिथेच कळलेलं. तरी म्हणालो, सकाळपर्यंत.

सु.: "आज २७. शिपाई दमला."

१२ फेब्रुवारी, सातारा

सकाळी ताप उतरला. आत सोडलं. मामांच्या नाकात नळी, हाताला सुया. मला बघून बोटं हलवली. वाकलो.

"किती राह्यलं?"

दत्ता माझ्या मागे उभा होता. त्याने ते ऐकलं. बाहेर येऊन बाकावर बसला आणि हमसून हमसून रडला. फोनचं बोलला नाही.

१४ फेब्रुवारी

घरी आणलं. डिस्चार्ज देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता महिन्याचा हिशेब सोडा. दोन आठवडे मिळाले तरी खूप."

उ. ४५४. रोज २८ म्हणजे सोळा-सतरा दिवस.

बसत नाही.

१५ फेब्रुवारी

आज मी जे केलं ते इथे तरी सरळ लिहितो. सु.ला लिहिलं: "मार्च लागला की तिकडे ऊन आणि वाळूची वादळं वाढतात असं वाचलं. जमलं तर रोजचं थोडं वाढव."

खोटं नाही ते. पण खरंही त्यासाठी नाही लिहिलं.

तिचं उत्तर: "बरोबर आहे. उद्यापासून ३५ बघते."

उद्यापासून नाही, आजच ३४ केले तिने.

१६ फेब्रुवारी

३६. उ. ३८४.

१७ फेब्रुवारी

३५. मामांना खरं ते सांगितलं. खूश व्हायच्याऐवजी माझ्याकडे बघत राहिले.

"का वाढीवलं तिनं?"

"ऊन वाढायच्या आत म्हणून."

"कोन म्हनलं तिला?"

त्यांच्या अंगाला खोबरेल चोळत होतो, खाज सुटते म्हणून. चोळत राहिलो.

"पावणं, गाभण मेंढीला हाकलून न्ह्यायचं नसतं. तिच्या चालीनं चालू द्यायचं," एवढं बोलले आणि डोळे मिटले.

१८ फेब्रुवारी

३५. उ. ३१४. "डावी नडगी ठणकते जरा. बर्फ लावला, शिपायाच्या बायकोने दिला." पोलिसगाडीचा पट्टा आज संपला. शिपायांनी तिच्याबरोबर फोटो काढला आहे. ती मधे, बारीक, काठीसारखी.

१९ फेब्रुवारी

३५.

२० फेब्रुवारी

१२. पुढे चालवेना. नडगीवर सूज, हात लावू देत नाही म्हणते. तिथल्या डॉक्टरने हाडाला बारीक चीर असावी असं सांगितलं, महिना विश्रांती घ्या म्हणाला.

"तू वाढव म्हणालास म्हणून नाही हां. माझीच हौस. संपत आलं की माणूस पळतोच."

जेवलो नाही. मामांनी विचारलं तर ऑफिसचं कारण सांगितलं.

उ. २६७.

२१ फेब्रुवारी

शून्य.

२२ फेब्रुवारी

१५. पाय बांधून, काठी टेकत. मी म्हटलं थांब, चार दिवस पड. "इथे नुसती पडून राहिले तर डोकं फिरेल." कधी घाई कर, कधी थांब, माझ्याच बोलण्याची मला शिसारी आली.

मामा आज उठले नाहीत. पाणी चमच्याने.

२३ फेब्रुवारी

दुपारी तीनच्या सुमाराला मामांनी हाक मारली. मला वाटलं मला. "सुवर्णे, पानी आन गं." पाणी घेऊन गेलो तर हात झटकला. "तू न्हवं. सुवर्णी कुटं हाय?"

"मामा, ती चालतेय. आफ्रिकेत."

"एवड्या लांब कुनी धाडली पोरीला?" रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, मामी गेल्या तेव्हासुद्धा नाही. "हाक मार की रं तिला. आंधार पडाया लागला."

बाहेर लख्ख ऊन.

मग तासभर नुसतं सुवर्णे, सुवर्णे.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. लिव्हर थकलं की असं होतं, शुद्ध जाते-येते.

उ. २३४.

२४ फेब्रुवारी

सकाळी परत हाका. दत्ता आला. बापाच्या उशाशी बसून ऐकत राहिला. मला वाटलं आता भांडेल. हळूच म्हणाला, "दाजी, वचन घेतलं त्ये आण्णा, आन् हाका मारतोय त्यो बी आण्णाच हाय न्हवं?"

दिवसभर तेच डोक्यात. कुठल्या मामांचं ऐकायचं? शुद्धीतला माणूस खरा, असं आपण धरतो. पण शुद्धीत माणूस लाजतो, शहाणपणा करतो, कुणाला त्रास नको म्हणतो. यातलं काहीच नसताना मामा एकच शब्द बोलतायत.

आणि माझं काय? गेले चार आठवडे मी वचन पाळतोय की स्वतःला वाचवतोय? सांगितलं की पहिला प्रश्न येणार, तुला कधी कळलं. त्या प्रश्नाचीच भीती जास्त आहे. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

उ. २१४.

२५ फेब्रुवारी

पहाटेपासून मामा शुद्धीवर. दाढी कर म्हणाले. केली. गाल आत गेल्यामुळे वस्तरा चालवायला अवघड. मग विचारलं.

"मामा, परवापासून तुम्ही सु.ला हाका मारताय."

"मी? न्हाई."

"मारताय."

"तापात बडबाडलो आसंल." साबण पुसून झाला. टॉवेल घडी केला. मग, "किती येळा मारली?"

"मोजल्या नाहीत. खूप."

भिंतीकडे तोंड केलं. मी पाच मिनिटं थांबलो. सांग म्हणाले नाहीत. सांगू नको असंही नाही म्हणाले. इतके दिवस रोज म्हणत होते.

२६ फेब्रुवारी

सांगितलं.

संध्याकाळी सहाला, तिकडे दुपार. ती रस्त्याकडेला एका टपरीत चहा घेत होती, कैरोच्या पन्नास कि.मी. अलीकडे. सगळं एका दमात सांगितलं, नाहीतर थांबलो असतो. रोग, मिरज, सातारा, हाका.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तीस जानेवारी."

"म्हणजे तो मोतीबिंदू..."

"हो."

"आणि रोजचे ३५ चाल म्हणालास ते?"

"हो."

मागून ट्रक गेल्याचा आवाज. मग आणखी एक.

"तुम्ही दोघांनी बसून माझं ठरवून टाकलंत," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. "सोळा महिने एकटी ठरवत आले मी. कुठे झोपायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, कुठलं पाणी प्यायचं. आणि एवढंच तेवढं मला ठरवता आलं नसतं?"

"सु., तिकीट काढतो मी. उद्याचं."

फोन ठेवला तिने. परत लावला, बंद.

उ. १७०.

२७ फेब्रुवारी

मेसेज नाही, फोन नाही. पण तिच्या फोनचं ठिकाण माझ्या नकाशावर दिसतं, ते तिने बंद केलेलं नाही. सकाळपासून तो निळा ठिपका सरकतोय. चालायच्याच वेगाने. बस नाही, गाडी नाही. त्या पायाने. संध्याकाळपर्यंत ३१.

का चालतेय? स्टेशनं आहेत, टॅक्सी आहेत. की रागाने चालतेय?

मामांनी आज डोळे उघडले नाहीत. श्वास मधेच थांबतो, मग लागतो. मी आणि दत्ता दोघंही तो थांबला की एकमेकांकडे बघतो.

२८ फेब्रुवारी

ठिपका दुपारी कैरोत. नदीपलीकडे जाऊन थांबला.

चार वाजता एक आवाजी मेसेज. मला नाही, "आण्णांना ऐकव" एवढंच लिहिलेलं. फोन त्यांच्या कानाशी धरला. मला ऐकू येऊ नये म्हणून तोंड फिरवलं, तरी आलंच. घरची बोली बोलत होती, माझ्याशी ती कधी तशी बोलत नाही.

"आण्णा, सुवर्णी हाय मी. ऐकू येतंय न्हवं? तुमी मला सांगायचं हुतं. मी काय लहान हाय का आता? मी भांडनार हाय तुमच्याशी. चांगली भांडनार हाय. तवर ऱ्हावा."

मामांचे डोळे उघडले. परत लाव अशी खूण केली. तीनदा ऐकलं.

"दमलाय आवाज तिचा," म्हणाले. अगदी स्पष्ट.

मी तिला लिहिलं: ऐकलं त्यांनी, तीनदा. दमलाय आवाज म्हणाले. उद्या दुपारनंतरचं विमान आहे, दुबईमार्गे मुंबई, परवा दुपारी घरी. काढू का तिकीट?

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१ मार्च

स. ९. ठिपका हलला. कैरोतून पूर्वेकडे निघाली आहे.

पूर्वेकडे म्हटल्यावर दत्ताने टाळी वाजवली. "विमानतळाकडं!" मी नकाशा मोठा करून दाखवला. विमानतळ पूर्वेला, वीसेक कि.मी.वर. कालवाही पूर्वेलाच. विमानतळाच्या वळणापर्यंत रस्ता एकच. तिथून डावीकडे गेली तर विमान. सरळ गेली तर अजून शंभर, त्या पायाने पाच दिवस.

११. सात कि.मी. परत विचारलं, तिकीट काढू? निळ्या खुणा. तिने स्वतः काढलं असेल का? पासपोर्ट, कार्ड सगळं तिच्याजवळच आहे. मला सांगेलच असं आता नाही.

१२.३०. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. पाय गार पडायला लागलेत, बघा म्हणाल्या. बोलत राहा त्यांच्याशी, ऐकू शेवटपर्यंत येतं. दत्ता बोलतोय. डाळिंबं धरलीत, करडं झाली, विहिरीला पाणी किती आहे, सगळं सांगतोय.

२.१५. पंधरा. मधे अर्धा तास थांबली होती. पाय बांधत असेल.

मला काय हवंय ते मला कळत नाही. डावीकडे वळली तर उद्या दुपारी ती या दारात उभी राहील, आणि मामा असतीलच असं नाही. नाही वळली तर पाच दिवसांनी पलीकडे पाऊल टाकेल, ते सांगायला इथे कुणी असेलच असं नाही. दोन्हीकडे माझं नाव येणार, आणि ते बरोबरच आहे. फक्त या वेळी ठरवतेय ती. मी फोन खाली ठेवला. मग परत उचलला.

३.५०. ठिपका वळणाशी थांबलाय.

४.०५. तिथेच.

मामांनी डोळे किलकिले केले. माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. आवाज नाही, ओठांवरून कळलं, "कुटं?"

"बसलीय रस्त्याकडेला, मामा."

"बसू दे," असं काहीतरी म्हणाले. "बोलू नगा कुनी तिला."

दत्ता त्यांचे तळपाय चोळतोय.

४.२०. ठिपका हलला. नकाशा कितीही मोठा केला तरी कुठल्या रस्त्याला लागली ते अजून दिसत नाही.